मास्क तुमच्या तोंडावर, रंग घरभर

श्रावण होता. बाहेर नाशिकचा तो बारीक, न थांबणारा पाऊस, आणि इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत खिडक्या लावून मी शाडूच्या सात गणपतींना रंग देत बसलो होतो. एक घरचा, बाकीचे नातेवाइकांचे. पितांबर झालं होतं, सोंडेच्या वळणाखालची सावली एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या अवजाराने, मारून झाली होती, राहिलं होतं शेल्याचं निळं. तोंडावर करोनाच्या काळात उरलेला कापडी मास्क. रंग पाण्यातला, ॲक्रिलिक. वास जवळजवळ नाहीच. रात्री अकराला आवरलं. सकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर निळं, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "अरे, दुधाच्या झाकणावर हे काय निळं बसलंय?"

मागची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमचा अख्खा हॉल आहे. दार लोटलेलं होतं. तरी रंग तिथवर पोचला, म्हणजे वाटेत हॉलमध्ये झोपलेल्यांच्या नाकासमोरूनच गेला असणार. तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घ्यायला लागलो. आता ओळखीत कुणी एअरब्रश घेतला की फोन येतो. कुणी गणपती रंगवतं, कुणी ओझरला सुखोई बघून बघून विमानांची मॉडेलं करायला लागलेलं असतं, कुणाला बुलेटच्या टाकीवर चित्र काढायचं असतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "मास्क कोणता घेऊ?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला असा, की उडालेला रंग तुमच्या घरातून बाहेर कुठून जाणार?

आधी बघू की एअरब्रशमधून नेमकं काय उडतं. कंप्रेसरची हवा साधारण १५ ते २५ पीएसआय दाबाने सुटते. नोझलचं भोक ०.२ ते ०.५ मिलिमीटर. सुई मागे सरकली की कपातला रंग हवेच्या झोतात ओढला जातो आणि फुटून त्याचे थेंब होतात. बरेचसे मूर्तीवर बसतात. जे कडेने निसटतात किंवा आपटून मागे फिरतात त्यांना ओव्हरस्प्रे म्हणतात. थेंब इतके लहान असतात, की त्यातलं पाणी किंवा थिनर हवेतच उडून जातं आणि उरतो रंगाचा सुका कण. एअरब्रशसाठी रंग पातळ केलेला असतो हे इथे ध्यानात घ्या. थेंबात आठवा हिस्साच घन रंग असेल, तर २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सुकून १० मायक्रॉनचा कण होतो. रंग आणखी पातळ, तर कण आणखी बारीक. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

कण बारीक झाला की हवेत किती वेळ राहतो, यातला फरक थक्क करणारा आहे. १०० मायक्रॉनचा थेंब पाच फुटांवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत आठेक मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. आणि घरातली हवा स्थिर असते कधी? कुणी उठून पाणी प्यायला गेलं, पंखा एकवर फिरत राहिला, तेवढं पुरतं. रात्री अकराला मी दिवा मालवला तेव्हा माझं काम संपलं होतं, निळ्याचं नव्हतं.

शरीरातही अशीच वाटणी होते. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. रुमालावर दिसलं ते हेच, म्हणजे पकडले गेलेले. १० मायक्रॉनच्या खालचे आत श्वासनलिकेत उतरतात, २.५ च्या खालचे फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात. ते रुमालावर येत नाहीत. म्हणून 'पाण्यातला रंग आहे, काही होत नाही' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. पाणी तर उडून गेलं. तुमच्या छातीत जातो तो ॲक्रिलिकचा प्लास्टिकसारखा कण आणि त्यातलं रंगद्रव्य. बाटलीवरचं 'नॉन-टॉक्सिक' बहुतेक वेळा ब्रशने लावण्याच्या हिशोबाने छापलेलं असतं, श्वासातून घेण्याच्या हिशोबाने नाही.

हे झाले कण. दुसरी गोष्ट वाफ, आणि ती पूर्णपणे वेगळी. थिनर, लॅकर, इनॅमल, स्पिरिट, ॲसिटोन यांची वाफ म्हणजे सुटे रेणू. रेणू मायक्रॉनच्या हजाराव्या हिश्शाएवढा किंवा त्याहून लहान. कण अडवणाऱ्या फिल्टरमधून तो असा जातो, जसा मच्छरदाणीतून वारा. ज्याला या दोघांतला फरक कळला त्याला अर्धा विषय कळला, कारण दुकानात मिळणाऱ्या निम्म्या मास्कांचा गोंधळ इथेच आहे.

आता एक हिशोब मांडतो. दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा धरू. म्हणजे हजार घनफूट, लिटरमध्ये २८ हजारांच्या आसपास. त्यात दहा मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे टोल्यूईन उडालं. साध्या थिनरमध्ये टोल्यूईन बऱ्याचदा असतंच. दोन चमच्यांची वाफ होते सव्वादोन लिटरच्या पुढे. खोलीभर पसरली तर हवेच्या दहा लाख भागांत तिचे ८० भाग. अमेरिकेतली एसीजीआयएच ही औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना आठ तासांच्या कामासाठी सरासरी २० भागांची मर्यादा सुचवते. 'मी काही आठ तास मारत नाही' हे कबूल. पण बंद खोलीतली वाफ तुमचं काम संपलं म्हणून निघून जात नाही, आणि ती मर्यादा धडधाकट कामगारासाठी आहे. घरातल्या तान्ह्या बाळासाठी किंवा दम्याच्या आजोबांसाठी ती काढलेली नाही.

आता मास्क घाला. अर्धा चेहरा झाकणारा चांगला रबरी रेस्पिरेटर चेहऱ्यावर नीट बसला, तर आतली हवा बाहेरच्या दहापट स्वच्छ आहे असं धरायची पद्धत आहे. तुमच्यासाठी ८० चे ८ झाले. शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी मात्र दाराखालून जे येईल ते आलंच. मास्क एका माणसाला वाचवतो. हवा बाहेर काढली तर घर वाचतं, आणि मास्कचंही काम सोपं होतं. म्हणून मी आधी खिडकीकडे बघतो.

माझ्या मागच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एक पश्चिमेला त्र्यंबकच्या बाजूला, एक उत्तरेला. पहिल्यांदा एक्झॉस्ट फॅन बसवला तो पश्चिमेच्या खिडकीत, कारण तिथे प्लग जवळ होता. फॅन जोरात फिरायचा, आवाज भरपूर, मला वाटायचं काम फत्ते. मग आईच्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती घेतली, पेटवली आणि फॅनसमोर फूटभर अंतरावर धरली. धूर फॅनकडे गेला, जाळीपाशी घुटमळला आणि कडेने वळून माझ्याच तोंडावर आला. पावसाळ्यात नाशिकचा वारा पश्चिमेकडून येतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, ढग कुठून येतात ते रोज दिसतंच. माझा सहा इंची पंखा त्या वाऱ्याशी कुस्ती खेळत होता आणि हरत होता.

मग उलट केलं. पश्चिमेची खिडकी चार बोटं उघडी, उत्तरेच्या स्लायडिंग खिडकीच्या फटीत प्लायची पट्टी आणि पट्टीत पंखा. उदबत्तीचा धूर सरळ रेघ ओढल्यासारखा बाहेर गेला. थंडीत वारा फिरतो तेव्हा मी पट्टी काढून पश्चिमेला लावतो. थंडी हा तसा जास्त फसवा काळ. डिसेंबरमध्ये पारा दहाच्या आसपास उतरला की आपण सगळ्या खिडक्या गच्च लावतो आणि मग फॅन नुसता घरघरतो, कारण बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत येणारी हवाच नसते. बाटलीला तोंड लावून हवा ओढून बघा, एक घोट येतो आणि थांबतं. खोलीचंही तसंच. हवा जायला एक वाट आणि यायला दुसरी, शक्य तितकी समोरासमोर, आणि तुम्ही मध्ये असे, की वारा तुमच्या अंगाला आडवा लागून रंग पलीकडे नेईल. पाठीमागून टेबलफॅन लावू नका. वारा तुमच्या अंगाला दोन्ही बाजूंनी वळसा घालतो, छातीसमोर भोवरा तयार होतो आणि रंग त्या भोवऱ्यात, म्हणजे बरोब्बर तुमच्या नाकासमोर फिरत राहतो. छताचा पंखा बंद. तो हवा बाहेर टाकत नाही, फक्त ढवळतो. स्प्लिट एसीचंही तेच, खोलीतली हवा खोलीतच.

उदबत्तीची दुसरी परीक्षा दाराशी. फॅन चालू, दार बंद, उदबत्ती बाहेरच्या बाजूने दाराखालच्या फटीशी. धूर खोलीत ओढला गेला तर घरची हवा खोलीत येते आहे, खोलीतली घरात जात नाही. धूर हॉलकडे वळला तर येणाऱ्या वाऱ्याची खिडकी जास्त उघडली गेली आहे, ती थोडी लावा. माझ्या मते या दोन मिनिटांच्या परीक्षेइतकं उपयोगी आणि स्वस्त उपकरण या सगळ्या छंदात दुसरं नाही. फक्त परीक्षा आधी करायची आणि उदबत्ती विझवून खोलीबाहेर ठेवायची, थिनरची बाटली त्यानंतर उघडायची.

किती मोठा फॅन? खोली रिकामी करण्यापेक्षा रंग उडतो तिथेच पकडणं सोपं, म्हणून खोक्यासारखा बूथ. समोरची बाजू उघडी, मागे फिल्टर, त्यामागे पंखा आणि बाहेर जाणारा पाइप. बूथच्या तोंडाशी हवा मिनिटाला शंभर फूट वेगाने आत जावी असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. तोंड दीड फूट बाय एक फूट असेल तर दीड चौरस फूट गुणिले शंभर, म्हणजे मिनिटाला १५० घनफूट. आपल्याकडे पंख्यावर तासाला घनमीटर असा आकडा असतो, त्या मापात सुमारे २५५. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. समोर फिल्टर, मागे घड्याघड्यांचा पाइप आणि त्याला दोन वळणं दिली, की साध्या पात्यांच्या पंख्याचा जीव जातो. पाइप लांब असेल तर गोगलगायीच्या आकाराचा ब्लोअर घ्या, तो दाबापुढे सहज हार मानत नाही. पाइप आखूड, सरळ आणि रुंद. फिल्टर रंगाने भरला की बदलायचा, कारण भरलेल्या फिल्टरमधून हवाच जात नाही. काही छोटे बूथ पाइपशिवाय चालतात, स्पंज कण अडवतो आणि हवा परत खोलीत सोडली जाते. वाफ त्यातून जशीच्या तशी परत येते, ते घेऊ नका.

काम संपल्यावर फॅन किती वेळ चालू ठेवायचा याचंही गणित आहे. हजार घनफुटांची खोली आणि दीडशेचा पंखा: खोलीभर हवा बदलायला सात मिनिटं. पण नवी हवा जुन्यात मिसळत येते, म्हणून एका फेरीनंतरही सदतीस टक्के मळकट हवा शिल्लक असते. तीन फेऱ्यांनंतर पाच टक्के. म्हणजे वीस मिनिटं तरी, आणि तोवर मास्क तोंडावरच. इथे बहुतेक जण कंटाळतात. मीही.

आपल्या फ्लॅटांत काही जागा अशा आहेत, की तिथे बसायचा मोह होतो आणि तिथेच बसू नये. पहिली ड्राय बाल्कनी. मोकळी आहे, फरशी धुता येते, घाण दिसत नाही. पण तिथेच गॅस गीझर टांगलेला असतो. थिनर आणि गीझरची ठिणगी हा एक धोका झालाच. दुसरा लक्षात येत नाही. जोरदार एक्झॉस्टने बंदिस्त जागेत हवा ओढली, तर गीझरचा जळका वायू वर जायच्या ऐवजी आत खेचला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, आणि रंगकामाच्या मास्कचं कोणतंही कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची फिल्टरची डबी, तो अडवत नाही. फॅन चालू असताना कुणी अंघोळीला जाणार नाही, एवढं घरात सांगून ठेवा. दुसरी जागा इमारतीचा डक्ट. पाइप डक्टमध्ये सोडणं सोयीचं असतं, पण चारही मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्याच डक्टमध्ये उघडतात. तिसरी स्वयंपाकघरातली चिमणी. तिच्यात तेलाचा थर, खाली शेगडी. तिचा विचारही नको.

आणि देव्हारा. संध्याकाळी निरांजन लागतं, समई तेवत असते. एअरब्रशच्या कपभर थिनरने अख्खी खोली पेट घेईल असं नाही. टोल्यूईनची वाफ पेटायला हवेत एक टक्क्याहून जास्त लागते आणि वरच्या हिशोबात आपण त्यापासून फार लांब होतो. पण बाटली लवंडली तर गोष्ट वेगळी. सांडलेल्या थिनरवरची दाट वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते आणि ज्योत तिथेच असते. टोल्यूईन ४ अंश सेल्सिअसला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ अंशांच्या आसपास पेटण्याइतकी वाफ देतं, म्हणजे नाशिकच्या थंडीतल्या खोलीतही हे सदैव तयारच असतात. पंख्याची मोटर ठिणगी देणारी, म्हणजे मिक्सर-ड्रिलसारखी कार्बन ब्रशची असेल, तर थिनरची हवा तिच्यातून नेणं म्हणजे आ बैल मुझे मार. माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये थिनरचा रंग फवारूच नये. गच्चीवर जा, वारा पाठीशी नको, आडवा हवा, आणि तिथेही मास्क घाला.

आता मास्क.

करोनाने सगळ्यांना एन-९५ हा शब्द शिकवला. तो गाळणीसारखा चालतो असं वाटतं, तसं नाही. त्यातले तंतू विरळच असतात. मोठा कण वळू शकत नाही म्हणून तंतूवर आपटतो, अगदी बारीक कण हवेच्या धक्क्यांनी वेडावाकडा नाचतो म्हणून तंतूला चिकटतो. मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण सगळ्यात जास्त चकवतो, म्हणून चाचणी त्याच आकाराच्या कणांवर घेतात आणि त्यातले किमान ९५ टक्के अडले की एन-९५. यातला 'एन' म्हणजे तेलकट कणांसाठी नाही. तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो, त्यामुळेही कण ओढले जातात. मास्क साबणाने धुतला किंवा स्पिरिटने पुसला की तो भार जातो आणि उरतं ते महागडं फडकं. भारतीय मानक आयएस ९४७३ मध्ये एफएफपी-१, २, ३ अशा पायऱ्या आहेत. एफएफपी-२ साधारण एन-९५ च्या तोडीचा. पाण्यातल्या रंगासाठी, चालत्या एक्झॉस्टसमोर, हा पुरेसा आहे. मात्र कानांत अडकवायच्या दोऱ्यांचा नको, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा घ्या. कानाच्या दोऱ्या मास्क चेहऱ्यावर हव्या तेवढ्या दाबत नाहीत.

द्राक्षपट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. निफाड-दिंडोरीकडे बागेत औषध मारताना उपरणं तोंडाला गुंडाळलेला माणूस दिसतो. उपरणं ओलं झालं की गार वाटतं, वास कमी झाल्यासारखा वाटतो, पण बारीक फवारा आणि वाफ दोन्ही आत जातात. आपला कापडी मास्क म्हणजे तेच उपरणं, फक्त शिवलेलं.

थिनर, लॅकर, इनॅमल असेल तर रबरी रेस्पिरेटर आणि त्याला सेंद्रिय वाफेचं, म्हणजे अशा द्रव्यांची वाफ अडवणारं कार्ट्रिज. आत कोळसा असतो, बहुधा नारळाच्या करवंटीचा, पाण्याच्या वाफेने भाजून आतून सच्छिद्र केलेला. एक ग्रॅम कोळशाच्या आतला पृष्ठभाग मोजला तर हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन. वाफेचे रेणू त्या जमिनीवर बसत जातात. जमीन भरली की पुढचा रेणू सरळ तुमच्या नाकात. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजवर तपकिरी पट्टा आणि ए हे अक्षर बघा, कणांसाठी पांढरा पट्टा आणि पी. एकत्र मिळतात, ए२पी३ वगैरे. अमेरिकी पद्धतीत वाफेला काळा रंग, आणि पी-१०० या सर्वांत कडक कण-फिल्टरला जांभळट गुलाबी. कोळशाबरोबर कणांचा फिल्टर हवाच. फवाऱ्यात दोन्ही असतात आणि नुसत्या कोळशातून कण निसटतात. मला एका दुकानात 'कार्बनवाला' म्हणून करड्या कापडाचा मास्क खपवला होता. कोळशाचा पातळसा थर, वास जरा कमी करायला ठीक, संरक्षण म्हणून शून्य. सातपूर-अंबडला कारखान्यांना माल पुरवणारी सेफ्टीची दुकानं आहेत, तिथे विचारा, आणि पट्ट्याचा रंग स्वतः वाचा.

कोळशाच्या काही खोडी आहेत. तो दमट हवेत थकतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाण्याची वाफही त्याच जमिनीवर जागा अडवते. आपला रंगकामाचा हंगाम आषाढ-श्रावण, तेव्हा कार्ट्रिज थंडीतल्यापेक्षा लवकर संपणार हे धरून चाला. ॲसिटोनसारखी ६५ अंशांच्या खाली उकळणारी द्रव्यं साध्या ए कार्ट्रिजला नीट पकडता येत नाहीत, त्यांच्यासाठी एएक्स नावाचं वेगळं असतं. आणि कोळसा वापरात नसतानाही खोलीतली वाफ ओढतच राहतो. खिळ्याला टांगलेला मास्क रात्रभर काम करत असतो, फुकट. काम झालं की झिपच्या पिशवीत, आणि पिशवीवर पेनाने तारीख आणि किती तास वापरला ते.

वास आला की बदलू, हा हिशोब धोक्याचा आहे. पहिली गोष्ट, नाक मरतं: रंगाच्या दुकानात शिरताना जो वास झिणझिण्या आणतो तो दुकानदाराला येतच नाही. दुसरी, काही विषारी द्रव्यांना वासच नसतो, किंवा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. गाड्यांच्या दोन डब्यांच्या पीयू क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावर मारायच्या पॉलियुरेथेनच्या पारदर्शक थरात, हार्डनर असतो, त्यात आयसोसायनेट असतात. त्यांचं असंच आहे. त्यांनी एकदा दमा लावला की पुढे नखभर वाससुद्धा सहन होत नाही, अशी माणसं असतात. त्या रंगाला बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. बुलेटच्या टाकीवर काढलेल्या चित्रावर क्लिअर मारायचं असेल तर बूथ असलेल्या गॅरेजला द्या. घरी नको म्हणजे नको.

रंगद्रव्यांचंही बघा. कॅडमियमचे लाल-पिवळे, शिशाचा क्रोम पिवळा हे फवारायचे नाहीत. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो: पीआर १०८ म्हणजे कॅडमियम लाल, पीवाय ३५ आणि ३७ कॅडमियम पिवळे, पीवाय ३४ शिशाचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ९० भागांच्या आत हवं असा आपल्याकडे २०१६ चा नियम आहे, पण औद्योगिक रंग त्यात येत नाहीत, आणि मूर्तीला चमक हवी म्हणून कुणी काय आणेल सांगता येत नाही. सोनेरी पावडर म्हणजे बहुधा पितळेची भुकटी, ती ब्रशने लावा. शाडूची मूर्ती सुकल्यावर पॉलिश पेपरने घासता ना? त्या मातीच्या धुळीत सिलिका असते. ओल्या स्पंजाने घासा.

रेस्पिरेटर कितीही भारी असला तरी चेहऱ्याला चिकटला तरच तो रेस्पिरेटर. हवा सोपी वाट शोधते. नाकाजवळ एक फट असली की कोळशातून कष्टाने येण्यापेक्षा ती तिथून येते. म्हणून घातल्यावर दरवेळी दोन्ही कार्ट्रिजवर तळहात ठेवायचे आणि हळूच श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्यावर चेपून तसाच दहा सेकंद राहिला पाहिजे. मग मधल्या झडपेवर हात ठेवून हळू फुंकायचं. मास्क फुगावा, कडेने फुस्स होऊ नये. चष्म्यावर वाफ धरत असेल तर नाकापाशी गळतंय. मिशी सीलच्या आत मावली तर चालते. दाढी चालत नाही, दोन दिवसांचे खुंटही नाही. श्रावणात दाढी न करण्याचा नेम आमच्याकडे वडिलांपासून होता. तो मी मोडला, आणि घरात पहिले दोन दिवस माझ्याशी नीट कुणी बोललं नाही.

सगळ्यात वाईट क्षण मात्र रंगवताना येत नाही, तो येतो धुताना. मूर्ती झाली, मन सैलावलं, मास्क गळ्यात आला, चहाचा कप जवळ. आणि आपण कपात शुद्ध थिनर ओतून पूर्ण दाबाने हवेत उडवतो, नोझलवर बोट ठेवून बुडबुडे काढतो. दिवसभरातली सगळ्यात दाट वाफ या पाच मिनिटांत होते, आणि मास्क असतो गळ्यात. धुण्यासाठी झाकणाचं, फिल्टर असलेलं भांडं मिळतं, एअरब्रशचं नाक त्यात खोचायचं. नसेल तर बूथच्या तोंडातच धुवा. चहा नंतर, दुसऱ्या खोलीत, हात धुऊन. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर बसलेलं निळं परत उठतं.

माझा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. उत्तरेच्या खिडकीतून माझी हवा बाहेर पडते आणि बरोबर वरच्या मजल्यावर काकूंची कपड्यांची दोरी आहे. कण फिल्टरमध्ये अडतात, पण सगळेच अडत असतील यावर मी पैज लावणार नाही. त्यामुळे कंप्रेसर चालू करायच्या आधी मी मान बाहेर काढून वर बघतो. पांढरं काही वाळत असेल तर त्या दिवशी फक्त डोळ्यांची आखणी. तिला ब्रशच लागतो.